शाईऐवजी पाणी

थ्रीडी प्रिंटिंगचा इतिहास सांगायला बसलं की लोक प्लास्टिकच्या तारेपासून सुरुवात करतात. तार तापलेल्या नळीतून वितळून येते, थरावर थर चढतो आणि टेबलावर मोबाइलचा स्टँड उभा राहतो. शाळांच्या प्रयोगशाळांत आता तेच यंत्र दिसतं. दिसावंच, गुणी यंत्र आहे. माझा जीव मात्र दुसऱ्याच घराण्यात अडकलेला आहे. या घराण्यात भुकटीचा पातळ थर पसरतात, इंकजेटच्या हेडमधून त्यावर हवं तेवढ्याच जागी पाणी टाकतात, पुन्हा थर, पुन्हा पाणी, आणि शेवटी पेटीत हात घालून वस्तू उकरून काढतात. पेटंटं, परवाने, कंपन्यांच्या खरेदी-विक्री हा त्याचा कागदोपत्री इतिहास झाला, आणि त्यात सगळं श्रेय हेडला मिळतं. हेडच्याच धंद्यात माझे केस पांढरे झाले, तरी सांगतो, या घराण्याचा खरा इतिहास भुकटीचा आहे. आणि तो बराचसा घरगुती आहे.

पुण्यात नारायण पेठेत माझं प्रिंटरदुरुस्तीचं आणि कार्ट्रिज रिफिलचं दुकान होतं. कॉलेजातली प्रोजेक्टवाली मुलं, सीए लोक, लग्नपत्रिकावाले असं गिऱ्हाईक. एचपीचं 45 नंबरचं काळं कार्ट्रिज हे आमचं पोट. त्याच्या भोकात बसवलेली बारीक गोळी आत ढकलायची, सिरिंजने आतल्या पिशवीत शाई सोडायची, भोक बुजवायचं, हेड कोमट पाण्यात टेकवून टिश्यूवर दाबायचं. टिश्यूवर सलग काळी पट्टी उमटली म्हणजे नोझल मोकळे. मध्ये पांढऱ्या रेघा दिसल्या तर पुन्हा कोमट पाणी. पुढे लोकांनी लेझर प्रिंटर घेतले, मग छापणंच सोडलं, आणि रिफिलचा धंदा बसला. मी भोसरी-चाकणच्या कारखान्यांत बॅच कोडिंगची यंत्रं सांभाळायला लागलो. खोक्यांवर एमआरपी आणि एक्सपायरीची तारीख छापणाऱ्या त्या यंत्रांत डोकावलो तर आत आमच्या 45 चीच भावंडं. तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड कापण्याआधी कागदावर आकार छापतात, त्या प्लॉटरमध्येही तीच. घरातून गेलेलं कार्ट्रिज कारखान्यात टिकून होतं.

हे कार्ट्रिज इतक्या ठिकाणी का शिरलं, हे त्याच्या जन्मात आहे. 1977 साली जपानमध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एन्डो यांच्याकडून तापलेली सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. उष्णतेने बुडबुडा होतो आणि बुडबुडा थेंब ढकलतो, एवढंच तत्त्व. त्याच सुमारास अमेरिकेत एचपीमध्ये जॉन वॉट स्वतंत्रपणे याच वाटेने चालले होते. नोझलमागचा इवलासा हीटर काही मायक्रोसेकंदांत शाईचा अगदी पातळ पापुद्रा सुमारे 300 अंशांपर्यंत तापवतो, आणि पापुद्र्याची वाफ बाकीच्या शाईला बाहेर हाकलते. एचपीने 1984 साली थिंकजेट बाजारात आणला तेव्हा एक धंदेवाईक निर्णय घेतला: हेड आणि शाईची टाकी एकाच डबीत घालायची, आणि शाई संपली की दोन्ही फेकून द्यायचं. केसाएवढ्या भोकांचं, मायक्रोसेकंदात चालणारं यंत्र कचऱ्यात! गिऱ्हाइकांनी या निर्णयाला शिव्या घातल्या. आम्ही रिफिलवाल्यांनी त्यावर संसार केले. पण घरी यंत्रं जुळवणाऱ्यांच्या दृष्टीने याहून मोठा उपकार कुणी केला नसेल. एरवी हजारो डॉलरच्या खाली न मिळणारं अचूक अवजार आता स्टेशनरीच्या दुकानात मिळायला लागलं. थिंकजेटच्या त्या पहिल्या हेडला 12 नोझल होते, इंचाला 96 थेंब. त्याच घडणीचं सी6602 नावाचं कार्ट्रिज पुढे दुकानांतल्या पावत्या छापणाऱ्या छोट्या प्रिंटरांत वर्षानुवर्षं चालत राहिलं. ते पुन्हा भेटेल.

भुकटीची कल्पना मात्र ऑफिसातून आली नाही, ती ओतकामातून आली. बोस्टनजवळच्या एमआयटीत इमॅन्युएल सॅक्स आणि मायकेल सिमा यांना धातू ओतण्यासाठी सिरॅमिकचे साचे हवे होते, तेही मूळ नमुना न बनवता. आपल्याकडे कोल्हापूरच्या शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात ज्यांनी फाउंड्री पाहिली आहे त्यांना यातली मेख लगेच कळेल. पॅटर्न बनवणारा कारागीर आधी लाकडात वस्तू कोरतो, मग तिच्याभोवती वाळूचा साचा बसतो. वेळ आणि पैसा त्या पॅटर्नमध्येच जातो. एमआयटीवाल्यांनी अॅल्युमिनाच्या भुकटीचे थर पसरून त्यावर कोलॉइडल सिलिका, म्हणजे पाण्यात तरंगणारे सिलिकाचे सूक्ष्म कण, धारेतल्या थेंबांनी सोडले. सुकलं, भाजलं की साचा तयार. डिसेंबर 1989 मध्ये अर्ज केला, एप्रिल 1993 मध्ये पेटंट मिळालं. सॅक्स आणि सिमा यांच्याबरोबर जॉन हॅगर्टी आणि पॉल विल्यम्स यांचीही नावं त्यावर आहेत.

मग एमआयटीने वडिलोपार्जित जमिनीचे वाटे करावेत तसे या एका पेटंटचे वाटे केले. ओतकामाचे साचे सोलिजेन कंपनीला, धातूच्या वस्तू एक्स्ट्रूड होनला, औषधं आणि शरीरात बसवायच्या गोष्टी थेरिक्सला. ऑफिसात टेबलावर ठेवून बघायच्या नमुन्यांचा वाटा झेड कॉर्पोरेशनला गेला. तो सगळ्यांत हलका समजला जात असावा, असं मला त्या काळाकडे मागे वळून पाहताना वाटतं. साच्यातून इंजिनाचा भाग निघतो, धातूतून हत्यार. नमुन्यातून काय निघणार? कौतुक. पण खरी उडी या हलक्या वाट्यातच पडली.

ती मारली जिम ब्रेट आणि टिम अँडरसन या दोघांनी. दोघंही एमआयटीच्या आसपासचे, हाताला काळं लावून घेणारे. 1990 च्या दशकाच्या मध्यात त्यांनी कागदावर शाई टाकणाऱ्या साध्या इंकजेट प्रिंटरची यंत्रणा भुकटीच्या पेटीवर आणली. ऑफिसातलं हेड वापरायचं तर त्याच्या अटी पाळाव्या लागतात, आणि पहिली अट अशी की आतला द्रव जवळजवळ पाणीच असला पाहिजे. बुडबुडा पाण्याच्या वाफेचा होतो. गोंद, सिलिका, राळ असलं काही भरलं की हीटरवर कीट चढते, नोझलच्या तोंडाशी पापुद्रा धरतो, आणि कार्ट्रिज संपतं. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. वाईट शाई भरून आणलेली कार्ट्रिजं रोज गल्ल्यावर यायची. ब्रेट-अँडरसन जोडीने गोंद कार्ट्रिजमधून काढून भुकटीत टाकला. भुकटीतच चिकटणारा पदार्थ कोरडा, झोपलेला ठेवायचा आणि वरून पाण्याने त्याला जागं करायचं. त्यांच्या कंपनीचा 1996 चा अर्ज आणि 1999 चं पेटंट वाचलं की हे स्वच्छ दिसतं: भराव, चिकटणारा पदार्थ आणि बळकटीसाठी तंतू, असं भुकटीचं मिश्रण. हेडबद्दल फारसं बोलणंच नाही. त्या क्षणी हे तंत्रज्ञान यंत्रवाल्याच्या हातून निसटून वाणसामानवाल्याच्या हातात गेलं. पुढे जे घरगुती प्रयोग झाले, ते या एका बदलामुळेच शक्य झाले.

थेंब पडल्यावर काय होतं हे जरा थांबून बघायला हवं, कारण घरी यंत्र करणारे नव्वद टक्के इथेच आपटतात. कोरड्या, मोकळ्या मातीवर वळवाचा पहिला थेंब पडला की माती उडते आणि थेंबाभोवती गोळी वळते. प्रिंटरच्या पेटीतही तेच घडतं. ओळीऐवजी गोळ्यांची माळ मिळते. म्हणून भुकटी फार मोकळी नको. पण फार बारीक केली तर कण एकमेकांना धरून बसतात, रोलरपुढे गुठळ्या होतात आणि थराला चिरा पडतात. वस्त्रगाळ पूड औषधाला चांगली, थराला वाईट. कण भरड ठेवला तर तो छान वाहतो, पण वस्तूच्या कडा खरखरीत येतात. त्यामुळे साधारण 20 ते 100 मायक्रॉनच्या मध्ये कुठेतरी तडजोड करावी लागते. रोलरही पुढे जाण्याच्या उलट्या दिशेने फिरवावा लागतो, म्हणजे तो भुकटी दाबत नाही, उचलून पुढे लोटतो. सुलटा फिरवला तर खालची अर्धी ओली वस्तूच सोबत ओढली जाते.

शिवाय पाण्याचा हिशेब. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे अर्ध्या पाण्याचं कॅल्शियम सल्फेट. त्याला पाणी मिळालं की ते दोन पाण्यांचं, म्हणजे पुन्हा जिप्सम होतं. 100 ग्रॅम प्लास्टरला रसायनशास्त्राच्या हिशेबाने 18.6 ग्रॅम पाणी पुरतं. ओतताना मात्र मूर्तिकार 60-70 ग्रॅम घालतो, कारण त्याला लापशीसारखं वाहणारं मिश्रण हवं असतं. पेटीतल्या थरात इतकं पाणी सोडलं तर ते शेजारच्या कोरड्या भुकटीत झिरपतं आणि कडा फुगते. कमी सोडलं तर कणांचे सांधे अर्धेच जुळतात. म्हणून पेटीतून निघालेली प्लास्टरची वस्तू बोटांनी चिरडते. झेड कॉर्पच्या यंत्रातली वस्तूही तशीच निघायची. तिला नंतर सायनोअॅक्रिलेट, म्हणजे आपलं फेविक्विकच्या जातीचं पाणी पाजायचं, नाहीतर मेण, नाहीतर एप्सम सॉल्टचा फवारा. या शेवटच्या संस्काराशिवाय त्या प्रदर्शनांतल्या चकचकीत वस्तू उभ्या राहिल्या नसत्या.

झेड कॉर्पने सुरुवात पिठाने केली. पहिली भुकटी स्टार्चची होती, नंतर प्लास्टरची आली. 2000 साली त्यांनी रंगीत यंत्र आणलं. हेडमध्ये रंगीत पाणी भरलं की वस्तू रंगीत निघते, हा इंकजेटचा फायदा तारवाल्यांना आजही सहज साधत नाही. 2012 च्या जानेवारीत थ्रीडी सिस्टिम्सने झेड कॉर्प विकत घेतली. कंपनीच्या इतिहासाला माझ्या लेखी याहून जास्त जागा नको. सांगण्यासारखी गोष्ट आहे ती भुकटीच्या किमतीची. यंत्र एकदा घेतलं की भुकटी त्यांचीच घ्यायची, आणि विद्यापीठांना ती पौंडाला 30 ते 50 डॉलर पडायची. प्लास्टरच ते, वर थोडा गोंद. प्रिंटर स्वस्त आणि शाई सोन्याच्या भावाने, हा आमचा जुना खेळ मोठ्या पटावर आला होता. आणि जिथे तो खेळ येतो तिथे रिफिलवालाही येतोच.

इथला रिफिलवाला निघाला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात. मार्क गँटर हे यांत्रिकी अभियांत्रिकीचे प्राध्यापक. भुकटीच्या बिलांना कंटाळून त्यांनी 2004 च्या सुमारास स्वतःची मिश्रणं करून बघायला सुरुवात केली. सोबत सहकारी ड्युएन स्टोर्टी आणि बेन उटेला नावाचे संशोधक विद्यार्थी. त्यांनी कुंभारकामाच्या दुकानातली सिरॅमिकची भुकटी घेतली, तिच्यात साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन मिसळलं. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे खेळाडूंच्या पेयांत असतो तो पिष्टाचा प्रकार. पाण्याचा थेंब पडला की साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन विरघळतात, कणांमध्ये पाकासारखे उतरतात, सुकल्यावर धरून ठेवतात. वस्तू भट्टीत घातली की साखर जळून जाते आणि मातीचे कण एकमेकांत वितळतात. शेवटी जे हातात येतं ते खरंखुरं भांडं. खर्च पौंडाला एक डॉलरपेक्षा कमी.

गँटरांनी ही कृती छापली कुठे, यात मला त्यांची खरी नजर दिसते. त्यांनी ती 2009 साली सिरॅमिक्स मंथली या कुंभारकलेच्या मासिकात छापली. अभियंत्यांची नियतकालिकं महाग, बंद आणि बढतीच्या कामाची. हे मासिक भट्टीजवळ बसणारे लोक वाचतात. त्यांना मातीचा ओलावा, आकुंचन, तडे यांची पिढीजात समज असते, आणि प्रिंटरच्या पेटीत शेवटी याच तीन गोष्टींशी झुंजावं लागतं. मिश्रण उघड करून त्यांनी कंपनीचा नफा पाडला, एवढंच लोक सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांनी प्रश्न योग्य माणसांच्या दारात नेऊन ठेवला. त्याच वर्षी त्यांच्या प्रयोगशाळेने काचेची भुकटी छापून भट्टीत घालण्याची रीतही जाहीर केली. भुकटी कसलीही असो, गोंद आत, पाणी वर. ब्रेट-अँडरसन यांचं सूत्र आता स्वयंपाकघराइतकं उघडं झालं होतं.

याच्या थोडं आधी, 2007 मध्ये, कॅलिफोर्नियात विंडेल ऑस्के आणि लेनोर एडमन या जोडप्याने कँडीफॅब नावाचं यंत्र जुळवलं होतं. त्यात इंकजेट नाही, म्हणून शुद्धतावादी त्याला आमच्या घराण्यात घेत नाहीत. मी घेतो. जुन्या एचपी प्लॉटरच्या सांगाड्यावर गरम हवेची नळी बसवून त्यांनी साखरेच्या थरावर हवं तिथे साखर वितळवली. जवळपास 500 डॉलरांत, घरच्या टेबलावर, मोठमोठ्या नक्षीदार वस्तू. स्वस्त भुकटी असेल तर पेटी मोठी करायला भीती वाटत नाही, हे त्यांनी दाखवलं. महागड्या भुकटीवाल्याला पेटी लहान ठेवावी लागते, कारण वस्तू मुठीएवढी असली तरी पेटी काठोकाठ भरावी लागते. ही साधी गोष्ट कंपन्यांच्या माहितीपत्रकात कधी वाचायला मिळाली नाही.

एमआयटीच्या मूळ पेटंटची मुदत 2010 मध्ये संपली. तारेच्या पद्धतीचं मुख्य पेटंट त्याच्या आदल्या वर्षी संपलं होतं, आणि बाथ विद्यापीठातल्या एड्रियन बॉयर यांच्या रेपरॅप चळवळीने त्या तारेला घरोघर पोचवलं. भुकटीवाल्यांकडेही माणसं होती. 2011 च्या सुमारास आर्डुइनोवर बसणारी एक पाटी आली, तिच्यावर ते सी6602 कार्ट्रिज थेट चालवता यायचं. पावत्या छापणारं जुनं हेड आता कुणाच्याही हुकमावर थेंब सोडू लागलं. 2012 मध्ये नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठातून पावडर नावाचं (त्यांनी स्वर गाळून लिहिलेलं) खुल्या आराखड्याचं यंत्र बाहेर पडलं, तेही याच कार्ट्रिजवर. 2014 मध्ये इव्हो द हास या डच अभियंत्याने प्लॅन बी मांडलं: लेझरने कापलेले पत्रे, दोन पिस्टन, एक रोलर आणि तेच 12 नोझल.

12 नोझल म्हणजे काय, हा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. इंचाला 96 च्या हिशेबाने त्यांची पट्टी इंचाचा आठवा भाग, म्हणजे 3.2 मिलिमीटर. पाच सेंटिमीटरच्या घनाला एका थरात 16 फेऱ्या. थर 0.2 मिलिमीटरचा धरला तर 250 थर, एकूण 4000 फेऱ्या, आणि प्रत्येक थराला रोलरची चाल वेगळी. यात एक नोझल तुंबला तर वस्तूत खालपासून वरपर्यंत न चिकटलेली फट राहते, आणि ती कळते भुकटी झाडल्यावर. म्हणूनच द हासने पुढच्या यंत्रात, ओअॅसिसमध्ये, आमचं 45 घेतलं. त्यासाठी त्याने कार्ट्रिजच्या संपर्कबिंदूंचा क्रम आणि विजेचे ठोके स्वतः शोधून काढले आणि ते सगळ्यांसाठी मोकळे ठेवले. त्याला 300 नोझल, अर्ध्या इंचाची पट्टी. त्याच घनाला आता एका थरात चार फेऱ्या पुरतात. ते काम वाचलं तेव्हा मी बराच वेळ एका रिकाम्या 45 चे तांब्याचे ठिपके न्याहाळत बसलो. आयुष्यभर मी ते फक्त पुसले होते.

मग घरच्या गॅलरीत मीही एक पेटी उभी केली. जुन्या स्कॅनरचे दांडे, मेलेल्या प्रिंटरांच्या मोटारी, पट्टे, असं भांडवल दुकानातून उरलेलं होतंच. भुकटी आणायला रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. दुकानदाराने विचारलं, "शेठ, मूर्तीला पाहिजे की सीलिंगला?" प्रिंटरला, म्हणालो. त्याने मला नीट पाहिलं आणि मूर्तीचं दिलं. "हे बारीक आहे, लवकर धरतं. पण काका, पिशवी उघडी ठेवू नका." हा सल्ला कुठल्याही आराखड्यात लिहिलेला नाही, कारण आराखडे लिहिणारे पुण्याच्या जुलैत राहत नाहीत. पावसाळी हवेतली ओल प्लास्टर बसल्या जागी पितं. पिशवीच्या तोंडाशी खडे होतात, आणि जे खडे होत नाही तेही अर्धं मेलेलं असतं; पाणी टाकलं तरी उठत नाही. डच लोकांनी दिलेलं पाण्याचं प्रमाण इथे पावसाळ्यात एक, एप्रिलमध्ये दुसरं. फवाऱ्याचं एप्सम सॉल्ट मात्र इथे सोपं: शेतीच्या दुकानात मॅग्नेशियम सल्फेट म्हणून पिशवीच मिळते. माल्टोडेक्स्ट्रिन जिमवाल्यांच्या दुकानात. शाडूत साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन घालून गँटरांच्या रीतीने काढलेल्या वाट्या मी सुकायला कट्ट्यावर ठेवल्या, आणि सकाळी त्यांना मुंग्यांची रांग लागलेली. सिएटलच्या प्रयोगशाळेत मुंग्या नसाव्यात. त्यानंतर ताटात पाणी घालून त्यात मी वाट्यांची पाटी ठेवायला लागलो, जुन्या घरात जाळीच्या कपाटाचे पाय ठेवायचे तसे.

घरात मात्र ही यंत्रं का शिरली नाहीत, यावर माझं मत ठाम आहे. पेटंट हे कारण नव्हे. ते तारेलाही होतं. कारण धूळ आहे. तारवाल्याचा कचरा चिमटीत उचलता येतो. आमचा कचरा हवेत जातो, पुस्तकांवर बसतो, फुप्फुसात बसतो. मातीच्या भुकटीत सिलिका असते, आणि तिच्याशी मास्कशिवाय खेळू नये हे कुंभारांना आणि दगडफोड्यांना विचारून घ्यावं. "ते सगळं गच्चीवर न्या," असं घरातून सांगितलं गेलं तेव्हा मी वाद घातला नाही. दुसरं कारण असं की तार विकत घेतली की ती सगळीकडे सारखीच असते, त्यामुळे एकाचा अनुभव दुसऱ्याला लागू पडतो. भुकटी मात्र प्रत्येकाची वेगळी. बोहरी आळीतलं प्लास्टर आणि आम्स्टरडॅममधलं प्लास्टर यांची नावं एक, वागणं दोन. त्यामुळे प्रत्येकाला सुरुवातीपासून शिकावं लागतं, आणि बहुतेकांना तेवढी उसंत नसते.

ज्यांना होती त्यांनी काय केलं ते बघा. कॅलिफोर्नियातले वास्तुरचनाकार रोनाल्ड रेल आणि व्हर्जिनिया सान फ्राटेलो यांनी झेड कॉर्पच्या जातीच्या यंत्रांत मीठ, लाकडाचा भुसा, कॉफीचा चोथा आणि सिमेंट घालून पाहिलं. 2015 मध्ये बर्कलीच्या आवारात त्यांनी पोर्टलँड सिमेंटच्या भुकटीतून छापलेल्या 840 विटांचा ब्लूम नावाचा नऊ फूट उंच मंडप उभा केला. एकही वीट दुसरीसारखी नाही. एचपीलाही उशिरा जाग आली: ज्यांच्या फेकून द्यायच्या हेडवर सगळ्यांनी घरं बांधली, त्या कंपनीने 2016 मध्ये स्वतःचं भुकटीचं यंत्र विकायला काढलं. त्यात नायलॉनच्या भुकटीवर इंकजेटने द्रव टाकतात आणि वरून अवरक्त उष्णता देतात. ते घरात ठेवायचं नाही, कारखान्याचं आहे.

आणि औषधांचा तो थेरिक्सचा वाटा. त्या वाट्यातून पुढे अप्रेशिया नावाच्या कंपनीकडे जे तंत्र आलं, त्यातून ऑगस्ट 2015 मध्ये स्प्रिटाम ही फिट्सवरची गोळी निघाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिलेली ही पहिली छापील गोळी. औषधाच्या भुकटीचा थर, वर पाण्यासारख्या द्रवाचे थेंब, पुन्हा थर. गोळी दाबून घट्ट केलेली नसते, म्हणून ती आतून पोकळ्यांनी भरलेली असते; घोटभर पाण्यात काही सेकंदांत विरघळते, आणि ज्याला गिळता येत नाही त्याच्या पोटात मोठा डोस जातो. फेविक्विक आणि मेण पाजून पाजून आम्ही सगळ्यांनी जो ठिसूळपणा घालवायचा प्रयत्न केला, तो त्यांनी जसाच्या तसा ठेवला आणि विकला. माझ्या गच्चीवरच्या वाट्यांमध्ये तो भरपूर आहे. सध्या माल्टोडेक्स्ट्रिनच्या जागी बाभळीच्या डिंकाची पूड किती घालावी यावर अडलो आहे. कमी पडली तर कडा ढासळते, जास्त झाली तर भट्टीत वाटी फुगते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पुन्हा बघेन.